मोरचूद सेंद्रिय शेतीत चालतो, मग शेततळ्यातल्या माशांना का नाही?

द्राक्षबागांतून हा समज वर्षानुवर्षं फिरतोय: बोर्डो मिश्रण (मोरचूद आणि चुन्याचं बुरशीनाशक) सेंद्रिय शेतीतही चालतं, विहिरीत आपण मोरचूद टाकतोच, म्हणजे तो निर्धोक. पाण्यातल्या जिवांसाठी हे साफ चूक आहे.

मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट, तांब्याचा क्षार. हिशेब करून बघा. हजार लिटर पाण्यात एक ग्रॅम मोरचूद टाकला, तर लिटरमागे साधारण 0.25 मिलिग्रॅम तांबं होतं. पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरमागे 2 मिलिग्रॅम, म्हणजे माणसाला भीती नाही. पण मऊ (कमी क्षारांच्या) पाण्यात डाफ्नियासारखे बारीक जीव या 0.25 पेक्षाही कितीतरी कमी मात्रेत मरतात. माशांना श्वास कल्ल्यांतून घ्यावा लागतो. तांबं तिथेच सोडियम शोषण्याचं काम बिघडवतं.

धोका ठरवताना नुसती मात्रा पाहून भागत नाही. तांब्याचे मुक्त आयन, म्हणजे पाण्यात मोकळे विरघळलेले विद्युतभारित कण, सर्वांत घातक. जड (जास्त क्षारांचं), अल्कधर्मी किंवा गाळाचं पाणी त्यांना बरंच आवरतं, म्हणूनच एकाचा अनुभव दुसऱ्याच्या तळ्याला लागू पडत नाही. शिवाय मोरचूदाने शेवाळ एकदम मेलं की ते कुजताना प्राणवायू संपतो.

आणि तांबं कीटकनाशकासारखं विघटन होऊन जात नाही. ते तळाच्या गाळात साठतं. फवारणीचा पंप ओढ्यात धुऊ नका, ही माझी कळकळीची विनंती.