आधी कारखाने की आधी घरं?

डोंबिवली एमआयडीसीत स्फोट झाला की हा वाद हमखास उकरला जातो. कारखानदार म्हणतात, आम्ही आलो तेव्हा इथे भातखाचरं होती, माणसं मागाहून येऊन राहिली. ते खोटं नाही. पण माणसांना इथे वसवलं कुणी?

रसायनांशी या पट्ट्याची ओळख डोंबिवलीच्याही आधीची. अंबरनाथला धरमसी मोरारजींचा आम्लाचा कारखाना पहिल्या महायुद्धानंतर लगेच आला. मग काडेपेट्या, दारूगोळा, आणि मोहने-शहाडकडे रेयॉन. रेल्वे दारात, पाणी उल्हास नदीचं आणि सांडपाण्याला वालधुनी, सगळं आयतं होतं. काकोळ्याच्या डोंगरातून निघणारी वालधुनी अंबरनाथच्या शिवमंदिराजवळून वाहते. मंदिर शके ९८२ चं, म्हणजे १०६० सालचं. तिथून पुढे उल्हासनगर: फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत आलेल्या सिंधी निर्वासितांचं गाव, १९४९ मध्ये नाव मिळालेलं. तिथल्या जीन्स धुलाईचं पाणीही वर्षानुवर्षं हिच्यातच गेलं. आज वालधुनीला नदी म्हणणारा माणूस शोधावा लागतो. सगळे नालाच म्हणतात.

डोंबिवलीत एमआयडीसी आली १९६४ मध्ये. आणि गंमत म्हणजे, कारखान्यांशेजारी निवासी भूखंडही एमआयडीसीनेच पाडले. मिलापनगर, सुदर्शननगर हा तो ‘निवासी विभाग’. म्हणजे घरांचं पाप फक्त बिल्डरांच्या माथी मारता येत नाही. पुढे गिरगाव-दादरच्या चाळींत जागा पुरेना, १९८२ च्या संपाने गिरण्या मोडल्या, आणि लोकलच्या पासात परवडेल असं घर शोधत मराठी मध्यमवर्ग इकडे सरकत राहिला. कल्याण-डोंबिवली महापालिका १९८३ ची. तिच्यातली २७ गावं २००२ मध्ये वगळली, २०१५ मध्ये परत घेतली. मधल्या काळात तिथे किती इमले उठले, ते कल्याण-शीळ रस्त्याने जाताना दिसतंच. डोंबिवली महाग झाली तशी माणसं आणखी पुढे गेली. बदलापूरची लोकसंख्या २००१ मध्ये लाखाच्या आत होती, २०११ मध्ये पावणेदोन लाखांच्या घरात पोचली.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये औद्योगिक पट्ट्यांना गुण दिले. सत्तरच्या वर म्हणजे अतिप्रदूषित. डोंबिवलीला मिळाले ७८.४१. पण रहिवाशांना आकड्यांपेक्षा रंग लक्षात राहतात. जानेवारी २०१४ मध्ये हिरवा पाऊस पडला, गाड्यांच्या काचांवर तेलकट हिरवे थेंब. फेब्रुवारी २०२० मध्ये रस्ताच गुलाबी झाला, तेव्हा मुख्यमंत्री उद्धव ठाकरे पाहायला आले. वालधुनीची गोष्ट याहून भयंकर. नोव्हेंबर २०१४ मध्ये टँकरमधून नाल्यात रसायन ओतलं गेलं आणि उल्हासनगरात शेकडो माणसं श्वास कोंडून रुग्णालयात गेली. रात्री उग्र वास सुटला की खिडक्या लावून झोपायचं, हे इथल्या पोरांना शिकवावं लागत नाही.

डोंबिवली एमआयडीसीतल्या २६ मे २०१६ च्या स्फोटात १२ जण गेले. धोकादायक कारखाने हलवा, ही मागणी जोरात आली. फेब्रुवारी २०२२ मध्ये राज्य सरकारने १५६ कारखाने रायगड जिल्ह्यातल्या पाताळगंगा औद्योगिक वसाहतीत नेण्याचं ठरवलं. २३ मे २०२४ ला पुन्हा स्फोट झाला, तेव्हा कारखाने होते तिथेच होते. दूरदूरच्या इमारतींच्या काचा फुटल्या. त्या दुपारी लोक घरातून झाडूने काचा गोळा करत होते.