एसीतला गॅस जातो कुठे?

मार्च उजाडला की नवी मुंबईतल्या कॉलेजांत एसीचा मेकॅनिक येतो, आउटडोअर युनिटला गेज लावतो आणि ठरलेलं वाक्य बोलतो, "गॅस संपलाय, भरायला लागेल." आपणही मान डोलावतो, जणू एसी गॅसवरच चालतो! एसी चालतो विजेवर. गॅस तांब्याच्या बंद नळ्यांतून नुसता फिरत असतो. आत त्याची वाफ होताना तो खोलीतली उष्णता उचलतो आणि बाहेर दाबाखाली पुन्हा द्रव होताना ती सोडून देतो. तो खर्च होतच नाही. कमी झाला असेल, तर कुठेतरी गळती आहे.

'कार्बन न्यूट्रल कॅम्पस'चा, म्हणजे जितका कार्बन सोडला तितकाच भरून काढल्याचा, फलक लावू पाहणाऱ्यांनी इथे थांबायला हवं. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या निमित्ताने ग्रीन ऑडिट, म्हणजे पर्यावरणाची तपासणी, होतं, झाडं मोजली जातात, गच्चीवरच्या सोलर पॅनेलचे फोटो निघतात. गॅसचं बिल मात्र 'दुरुस्ती व देखभाल' खात्यात गुपचूप जाऊन बसतं.

आता हिशेब. गेल्या दशकात सर्रास बसवलेल्या एसींमध्ये आर-४१०ए हा गॅस आहे. तो १ किलो हवेत गेला, तर शंभर वर्षांच्या हिशेबाने सुमारे २,०८८ किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता अडवतो. दीड टनाच्या एसीत साधारण किलोभर गॅस असतो. ग्रिडमधल्या एका युनिट विजेमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, आणि १ किलोवॉटचं सोलर पॅनेल आपल्याकडे वर्षाला साधारण १,४०० युनिट देतं. म्हणजे त्या पॅनेलची दोन वर्षांची कमाई एका एसीच्या गळतीत साफ.

एवढासा गॅस इतका जड का पडतो? मला या प्रश्नातला हाच भाग सगळ्यात आवडतो. पृथ्वी अवरक्त (इन्फ्रारेड) किरणांच्या रूपात उष्णता अवकाशात सोडते आणि त्यांचा जोर १० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) तरंगलांबीच्या आसपास असतो. कार्बन डायऑक्साइड मुख्यतः १५ मायक्रॉनजवळ शोषण करतो, आणि तिथे हवा आधीच बरीचशी अपारदर्शक झाली आहे. पाण्याची वाफ इतर पट्टे अडवते. उरते ८ ते १३ मायक्रॉनची 'खिडकी'. ओझोनचा एक पट्टा सोडला तर तिथून उष्णता बऱ्यापैकी निसटते. आर-४१०ए च्या रेणूंत कार्बन आणि फ्लोरिन यांचे बंध असतात. असा कार्बन-फ्लोरिन बंध ज्या वारंवारतेने ताणला-आखडला जातो, ती नेमकी ८-९ मायक्रॉनच्या आसपास येते. शिवाय फ्लोरिन इलेक्ट्रॉन स्वतःकडे जोरात ओढतो. त्यामुळे बंध हलला की रेणूचा द्विध्रुव आघूर्ण, म्हणजे त्याच्या दोन टोकांवरच्या धन-ऋण भारांतल्या फरकाचं माप, मोठ्या प्रमाणात बदलतो, आणि हा बदल जितका मोठा तितकं शोषण तीव्र. थोडक्यात, खिडकीलाच पडदा लागतो.

आपल्या खाडीकाठाला आणखी एक दुखणं आहे. खारट, दमट हवेत तांब्याची नळी आणि तिला चिकटलेल्या अॅल्युमिनियमच्या पात्या यांचा चक्क विद्युतघट तयार होतो आणि पात्या झिजून भुकटी होतात. मग उष्णता नीट बाहेर पडत नाही, दाब वाढतो, जोडांवर ताण येतो. खाडीच्या चिखलातून किंवा नाल्यातून येणारा हायड्रोजन सल्फाइड तर तांब्यालाच खातो.

म्हणून मेकॅनिकला गॅस भरण्याआधी नळ्यांत दाबाखाली नायट्रोजन मारून, जोडांवर साबणाचा फेस लावून गळती शोधायला सांगा. भरताना सिलिंडर वजनकाट्यावर ठेवा आणि किती किलो गेला ते रजिस्टरमध्ये लिहा. जुना एसी भंगारात देण्याआधी पंप डाउन करून, म्हणजे गॅस आउटडोअर युनिटमध्ये गोळा करून, तो रिकव्हरी सिलिंडरमध्ये काढून घ्या, नाहीतर भंगारवाला नळी कापेल आणि सगळा गॅस मिनिटभरात हवेत जाईल.

त्या मानाने 'ऑक्सिजन पार्क'च्या पाट्यांचा उपयोग शून्य. पिंपळ रात्रीही ऑक्सिजन देतो हा त्यामागचा नेहमीचा दावा खोटाच आहे, कारण उजेडाशिवाय ऑक्सिजन तयार होत नाही. आणि दिला असता तरी प्रश्न ऑक्सिजनचा नव्हताच. झाडं सावलीसाठी जरूर लावा.

एसीमुळे होणाऱ्या उत्सर्जनात विजेचा वाटा मोठा आहेच, तो सोलर आणि पंख्यांनी कमी करावाच लागेल. पण नवा एसी घेताना गॅसही विचारा. आर-४१०ए चा जो आकडा २,०८८ होता, तोच आर-३२ या गॅसचा ६७५ आहे. आर-२९० म्हणजे प्रोपेन, त्याचा आकडा एक अंकी. मात्र तो ज्वालाग्राही असल्याने खोलीच्या आकारानुसार किती भरायचा यावर मर्यादा असते. त्यामुळे स्टाफरूमला तो चालेल, जास्त गॅस लागणाऱ्या सभागृहाच्या मोठ्या यंत्रणेला सहसा नाही.