वाइराऊ खोरे

वाइराऊ खोरे : न्यूझीलंडच्या दक्षिण बेटाच्या ईशान्य टोकाकडील, मार्लबरो प्रदेशातील नदीखोरे. सॉव्हिन्याँ ब्लाँ या पांढऱ्या वाइनमुळे ते जगभर ओळखले जाते. न्यूझीलंडमधील मानवी वस्तीच्या सर्वांत जुन्या ज्ञात स्थळांपैकी एक याच नदीच्या मुखाशी आहे. ब्रिटिश राजसत्ता व माओरी प्रमुख यांच्यातील १८४० च्या वाइतांगी तहानंतर मूळ रहिवासी माओरी व ब्रिटिश वसाहतकार यांच्यात झालेली पहिली गंभीर सशस्त्र चकमकही याच खोऱ्यातली. ब्लेनम हे येथील प्रमुख शहर. पर्यटकांसाठीच्या पुस्तिकांत द्राक्षमळ्यांना जेवढी जागा मिळते, तेवढी नदीमुखाला मिळत नाही. प्रस्तुत नोंदीत हा क्रम उलटा ठेवला आहे.

नाव : माओरी भाषेत ‘वाइ’ म्हणजे पाणी आणि ‘राऊ’ म्हणजे शंभर किंवा पुष्कळ. नदीचे अनेक फाटे, मैदानातील झरे आणि मुखाजवळची खाजणे पाहता ‘शेकडो पाण्यांचे स्थळ’ हा अर्थ चपखल वाटतो. नदी ज्या उपसागराला मिळते त्याला जेम्स कुकने १७७० मध्ये ‘क्लाउडी बे’ म्हटले. त्याचे माओरी नाव ‘ते कोको-ओ-कुपे’. कुपे या आद्य दर्यावर्द्याने येथे कालवे (ऑयस्टर) खरवडून गोळा केली, अशी त्यामागची कथा आहे. आता दोन्ही नावे जोडून अधिकृतपणे वापरली जातात. मार्लबरो व ब्लेनम ही नावे १७०४ च्या ब्लेनहाइमच्या लढाईची व ती जिंकणाऱ्या ड्यूकची आठवण म्हणून दिलेली आहेत. त्याआधी वसाहतकार ब्लेनमला ‘बीव्हर’ म्हणत.

भूरचना : पॅसिफिक व ऑस्ट्रेलियन भूपट्टांची सीमा दक्षिण बेटावर सदर्न आल्प्स पर्वतरांगेच्या पायथ्याने जाते आणि ईशान्येस पोहोचताना तिला अनेक फाटे फुटतात. त्यांपैकी वाइराऊ विभंगाच्या (भूकवचातील तड्याच्या) रेषेत हे खोरे आहे. सुमारे १७० किमी. लांबीच्या या नदीचा खालचा प्रवाह एवढा सरळ दिसतो त्याचे कारण हेच. विभंगाच्या उत्तरेस रिचमंड रांगेतील सुभाजा खडक, तर दक्षिणेस करड्या वालुकाश्माच्या विदर टेकड्या आहेत. उन्हाळ्यात उत्तरेचे डोंगर रानामुळे हिरवे राहतात आणि दक्षिणेच्या टेकड्या वाळलेल्या गवतामुळे पिवळसर होतात. दोन्ही रंग एका नजरेत मावतात.

१८४८ चा भूकंप शेजारच्या आवातेरे विभंगावर झाला. १८५५ चा मोठा भूकंप कुक सामुद्रधुनीपलीकडे, उत्तर बेटावरील वाइरारापा भागातला. पण त्यामुळे वाइराऊचे खालचे मैदान मीटरभर किंवा त्याहून थोडे अधिक खचले. ओपाओआ नदीतून लहान जहाजे थेट बीव्हरपर्यंत येऊ लागली आणि गावाचे महत्त्व वाढले. २०१६ च्या कायकोउरा भूकंपात अनेक वाइनरींतील पोलादी टाक्यांचे नुकसान झाले.

नदीमुखाच्या दक्षिणेस गोट्यांचा सुमारे ८ किमी. लांबीचा बांध आहे. आवातेरे नदीने समुद्रात आणलेले दगड प्रवाहाने उत्तरेकडे वाहून तो तयार झाला आहे. त्याच्या आडोशाला उथळ खाऱ्या पाण्याची खाजणे आहेत. रांगिताने या माओरी जमातीच्या पूर्वजांनी बाम मासे व पाणपक्षी धरण्यासाठी तेथे हातांनी कालवे खणले होते. त्यांची एकूण लांबी सुमारे १९ किमी. भरते. धातूची अवजारे नसताना झालेले हे काम न्यूझीलंडमधील प्राचीन स्थापत्यात अधिक मानाने नोंदले जावयास हवे.

वाइराऊ बार : बांधाच्या उत्तर टोकाशी असलेला हा सपाट पट्टा नांगरला जात असे. १९३९ मध्ये जिम आइल्स या १३ वर्षांच्या शाळकरी मुलाला तेथे मोआ या नामशेष महाकाय पक्ष्याचे भोक पाडलेले अंडे, मानवी सांगाडा आणि माळेतील मोठे मणी सापडले. पुढे क्राइस्टचर्चच्या कॅंटरबरी संग्रहालयातील रॉजर डफ यांनी आइल्स यांच्या सहकार्याने उत्खनन केले. चाळीसहून अधिक दफने आणि दोन हजारांवर वस्तू उजेडात आल्या. त्यांत व्हेलच्या दाताचे अलंकार, घासून गुळगुळीत केलेले दगडी वासले व मासेमारीचे गळ होते. वासल्यांचा दगड बहुतांशी नेल्सन भागातला, तर ऑब्सिडियन म्हणजे ज्वालामुखी काच उत्तर बेटाजवळील तूहुआ बेटावरून आणलेली होती. म्हणजे वस्ती नवी असली, तरी तिचा संचार दूरवर होता.

या शोधाचे पहिले महत्त्व एका चुकीच्या समजुतीचे निराकरण करण्यात आहे. माओरींच्या आधी येथे दुसऱ्याच वंशाचे लोक राहत होते व त्यांना माओरींनी हुसकावले, असे त्या काळी शाळांतूनही शिकवले जाई. वसाहतकारांना ही कल्पना सोयीची होती, कारण तिच्यानुसार माओरीही आक्रमकच ठरत. वाइराऊ बारवरील अलंकार व वासले पूर्व पॉलिनीशियातील (पॅसिफिकमधील बेटांवरील) वस्तूंशी जवळचे नाते दाखवतात, हे डफ यांनी १९५० मध्ये प्रसिद्ध केलेल्या विवेचनात सप्रमाण मांडले. मोआची शिकार करणारे ते लोक माओरींचे पूर्वजच होत, हे मत आता सर्वमान्य आहे.

कालनिर्णयाचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. पर्सी स्मिथ या अभ्यासकाने माओरी वंशावळींतील पिढ्या मोजून कुपेचे आगमन इ. स. ९२५ च्या सुमारास व माओरी पूर्वजांना घेऊन आलेल्या सात होड्यांच्या ‘महान ताफ्या’चे १३५० च्या सुमारास ठरवले होते. या मांडणीत वेगवेगळ्या जमातींच्या परंपरा एकत्र गुंफून त्यांना कृत्रिम क्रम दिला गेला, असे डी. आर. सिमन्स यांनी १९७६ मध्ये दाखवले. तेव्हापासून ती मागे पडली. पुढे १९९६ मध्ये रिचर्ड होल्डवे यांनी माणसांबरोबर होड्यांतून आलेल्या पॉलिनीशियन उंदरांच्या हाडांवरून मानवी संपर्क सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा असावा असे सुचवले. परंतु २००८ मधील फेरतपासणीत उंदरांची हाडे व उंदरांनी कुरतडलेल्या बिया यांपैकी कशाचाही काळ १२८० च्या सुमारापलीकडे जात नाही असे दिसले. बहुतेक अभ्यासक आता हेच मत ग्राह्य धरतात.

वाइराऊ बारचा काळ पूर्वी तेराव्या शतकाच्या अखेरीपासून धरला जाई. मोआच्या अंड्यांच्या कवचांवर केलेल्या सूक्ष्म कार्बनमापनावरून ही वस्ती चौदाव्या शतकातली व अल्पकाळच टिकलेली असावी, असे २०१४ मध्ये मांडण्यात आले. लाकूड किंवा कोळसा यांच्या मापनात झाडाचे स्वतःचे वय मिसळते. अंड्याच्या कवचात तो दोष राहत नाही. म्हणून हा निष्कर्ष अधिक विश्वसनीय वाटतो. उष्ण कटिबंधीय समुद्रातील शंखापासून केलेली एक छिन्नीही येथे मिळाली आहे. अशा शंखाचा प्राणी न्यूझीलंडच्या थंड पाण्यात राहत नसल्याने ती मूळ बेटांवरून होडीतून आली असण्याचा संभव मोठा आहे.

उत्खननात काढलेले पूर्वजांचे अवशेष संग्रहालयात ठेवले गेले, हे रांगिताने लोकांना कधीच मान्य नव्हते. दीर्घ पाठपुराव्यानंतर एप्रिल २००९ मध्ये ते परत मिळाले व त्याच जागी पुन्हा पुरले गेले. त्यापूर्वी जमातीच्या संमतीने ओटागो विद्यापीठाने त्यांचा अभ्यास केला. मौल्यवान वस्तूंसह पुरलेल्या एका गटातील व्यक्तींचा आहार परस्परांशी मिळताजुळता, पण इतरांपेक्षा वेगळा होता. त्यामुळे त्या अन्यत्र, कदाचित मूळ पॉलिनीशियन बेटांवर वाढल्या असाव्यात असा तर्क केला जातो. चार व्यक्तींच्या मातृवंशीय जनुकांत अपेक्षेपेक्षा अधिक विविधता आढळली. न्यूझीलंडला पोहोचलेला आद्य समूह अगदी मूठभर लोकांचा नव्हता, या मताला त्यामुळे बळ मिळते. वंशजांना विश्वासात घेऊन संशोधन केल्यास ज्ञानही वाढते आणि मृतांचा मानही राहतो, हे येथे घडून आले.

१८४३ ची चकमक : १८२० च्या दशकाच्या अखेरीपासून ‘ते राउपाराहा’ या नेत्याच्या नेतृत्वाखाली न्गाती तोआ ही माओरी जमात व तिच्या मित्रजमातींनी बंदुकांच्या बळावर या भागावर वर्चस्व मिळवले. १८३० च्या दशकाच्या आरंभी ब्लेंकिन्सॉप नावाच्या व्हेल-शिकारी कप्तानाने एका तोफेच्या मोबदल्यात त्यांच्याकडून दस्तऐवज करून घेतला. आपण केवळ लाकूड व पाणी घेण्याची मुभा दिली, अशी माओरींची समजूत होती. दस्तऐवजात मात्र सारे मैदान लिहिले होते. कप्तानाच्या विधवेकडून हा कागद वसाहती वसवणाऱ्या न्यूझीलंड कंपनीकडे आला व कंपनीने भूमापन सुरू केले. न्गाती तोआंनी तपासणीची मागणी केली. ती न ऐकली गेल्यावर त्यांनी मोजणीदारांचे साहित्य काळजीपूर्वक बाहेर काढून त्यांच्या गवती झोपड्या जाळल्या. जाळलेले गवत आपल्याच जमिनीवरचे, असा त्यांचा युक्तिवाद होता.

१७ जून १८४३ रोजी दंडाधिकारी हेन्री टॉम्पसन व कंपनीचे प्रतिनिधी कॅप्टन आर्थर वेकफील्ड सुमारे ५० जणांसह ते राउपाराहा यांना अटक करण्यास तुआमारिना ओढ्याकाठी गेले. बोलणी फिसकटली आणि एक गोळी सुटली. ती कोणी झाडली, ती चुकून सुटली की हेतुतः, यावर मतभेद आहेत. गोळीबारात ‘ते राउपाराहा’ यांचे पुतणे ‘ते रांगिहाएआता’ यांची पत्नी ‘ते रोंगो’ मारली गेली. शरण आलेल्या युरोपीयांना त्यानंतर ‘उतू’ म्हणजे सममोल भरपाईच्या माओरी नियमाने ठार करण्यात आले. २२ युरोपीय व किमान चार माओरी मरण पावले. गव्हर्नर फिट्झरॉय यांनी १८४४ च्या आरंभी चौकशीअंती दोष वसाहतकारांच्या पदरी टाकला व कारवाई नाकारली. वसाहतीत यावर मोठा संताप उसळला आणि ‘हत्याकांड’ हा शब्द दीर्घकाळ रूढ राहिला. आज ‘चकमक’ हा शब्द पसंत केला जातो, आणि घटनाक्रम पाहता तोच अधिक न्याय्य आहे.

१८४७ मध्ये पुढचे गव्हर्नर जॉर्ज ग्रे यांनी न्गाती तोआच्या तिघा प्रमुखांकडून हे खोरे ३,००० पौंडांना खरेदी केले. त्या वेळी ते राउपाराहा सरकारी कैदेत होते. पूर्वापार रहिवासी असलेल्या रांगिताने लोकांना या व्यवहारात स्थान नव्हते. या अन्यायांबाबत येथील जमातींशी झालेल्या समझोत्यांचे कायदे २०१४ मध्ये संमत झाले. ब्लेंकिन्सॉपची तोफ ब्लेनममध्ये जपून ठेवली आहे, तर मृतांचे स्मारक तुआमारिना येथे आहे.

वाइन : मार्लबरोत पहिली व्यावसायिक लागवड १९७३ मध्ये झाली असे अनेक ठिकाणी छापलेले आढळते. त्या वर्षी मोंटाना कंपनीने ब्रॅंकट येथे मोठी लागवड केली हे खरे; परंतु डेव्हिड हर्ड यांनी त्याच्या बरोबर १०० वर्षे आधी, १८७३ मध्ये, ऑन्ट्सफील्ड येथे मस्कट जातीची द्राक्षे लावली होती आणि तेथे विसाव्या शतकातही काही दशके वाइन बनत होती. तेव्हा १९७३ हे वर्ष आरंभाचे नव्हे, पुनरारंभाचे मानणे योग्य. सॉव्हिन्याँ ब्लाँची लागवड १९७५ मध्ये झाली व पहिली वाइन १९७९ च्या हंगामाची. नाशिकच्या वाइनमुळे ही जात मराठी वाचकाला अपरिचित नाही. आज मार्लबरोत सुमारे ३० हजार हेक्टर द्राक्षबागा असून देशातील बहुतांश वाइन येथेच होते.

या वाइनचा वास दोन प्रकारच्या द्रव्यांमुळे येतो. मेथॉक्सिपायराझिनमुळे भोपळी मिरची किंवा कापलेल्या गवतासारखा, तर थायॉल या गंधकयुक्त संयुगांमुळे पॅशनफ्रूटसारखा. फळ पिकत जाते तसे पहिले द्रव्य कमी होते. मार्लबरोच्या वाइनमध्ये दोन्ही एकाच वेळी ठळक असतात. याची कारणे पुष्कळ सांगितली जातात : दिवसाचे भरपूर ऊन, रात्रीचा गारवा, लांबलेला हंगाम. यंत्राने केलेल्या तोडणीत मणी फुटून थायॉलची पूर्वद्रव्ये वाढतात, हेही एक कारण होय. नदीची कामगिरी मात्र बहुधा सर्वांत मोलाची असावी. वाइराऊ अनेक फाट्यांनी वाहत असे व ते फाटे सतत जागा बदलत. त्यामुळे मैदानात गोट्यांचे व गाळाचे अरुंद पट्टे पूर्व-पश्चिम एकाआड एक पडले आहेत. वेलींच्या रांगा दक्षिणोत्तर असल्याने एकाच रांगेत गोट्यांवरची फळे लवकर पिकतात, गाळावरची उशिरा. सगळी एकाच वेळी तोडली की एकाच रसात पक्व व हिरवट असे दोन्ही गंध येतात.

रापाउराकडील जमीन दगडाळ, तर दक्षिणेकडील उपखोऱ्यांतील चिकणमातीची असून तेथे पिनो न्वार ही लाल वाइनची द्राक्षजात चांगली येते. वसंतातील दहिवरापासून (गोठलेल्या दवापासून) बचावासाठी मोठे पंखे लावतात. प्रसंगी वरची उबदार हवा खाली ढकलण्यासाठी हेलिकॉप्टरही फिरवतात. छाटणीच्या कामावर वानुआतू, सामोआ आदी बेटांवरील मजूर २००७ च्या हंगामी योजनेखाली येतात. खोऱ्याच्या समृद्धीत त्यांचा वाटा मोठा आहे. माओरी मालकीची पहिली वाइन कंपनी म्हणून ओळखली जाणारी तोहू १९९८ मध्ये स्थापन झाली. द्राक्षशेतीसाठी भूजल लागते आणि त्याच भूजलावर मैदानातील झरे जगतात. भूजलाची पातळी दीर्घकाळ हळूहळू घटत असल्याने झऱ्यांची काळजी वाहणे अगत्याचे झाले आहे.

प्रवास : वेलिंग्टनहून फेरीबोट सुमारे साडेतीन तासांत पिक्टनला पोहोचते, तेथून ब्लेनम जवळ आहे. वाटेतील मार्लबरो साउंड्स ही बुडालेली नदीखोरी आहेत. हिमनद्यांनी कोरलेले फ्योर्ड नव्हेत. कुपेने महाकाय ऑक्टोपसचा पाठलाग करून त्याला येथेच मारले, अशी परंपरा आहे. मेरेतोतो म्हणजे शिप कोव्ह येथे कुक १७७० ते १७७७ या काळात पाच वेळा थांबला होता. तेथून आनाकिवापर्यंत सुमारे ७० किमी.ची पायवाट आहे. पश्चिमेस शिंपल्यांच्या शेतीसाठी प्रसिद्ध असलेल्या हॅवलॉक गावाला १८५७ च्या लखनौ मोहिमेतील हेन्री हॅवलॉकचे नाव दिले आहे.

द्राक्षतोड मार्च-एप्रिलमध्ये होते. रापाउरा व रेनविक परिसर सपाट असल्याने सायकलीने हिंडता येतो. खाजणांकाठी चालण्याची वाट आहे. नदीमुखाशी लाटा अडवणारा बांध म्हणून बुडवण्याकरिता १९२८ मध्ये आणलेले व पुराने आत वाहून आलेले ‘वेव्हर्ली’ जहाज तिच्या टोकाशी गंजत पडले आहे. वाइराऊ बार हे रांगितानेंचे दफनस्थळ असल्याने तेथे त्यांच्या परवानगीशिवाय जाऊ नये.