सहा पेन्सांची फळी : ब्रिटिश पुस्तकांच्या मिश्र मांडणीची पार्श्वभूमी

कादंबरी, रहस्यकथा, चरित्र आणि अर्थशास्त्रावरचे विवेचन ही पुस्तके एकाच आकारात, एकाच किमतीला आणि एकाच फळीवर शेजारी शेजारी मिळावीत, यात आज कोणालाही नवल वाटत नाही. ब्रिटनमध्ये ही मांडणी रुळायला मात्र शंभराहून अधिक वर्षे लागली. ती घडण्यात अभिरुचीचा वाटा होताच, पण खरा झगडा किमतीचा होता, आणि किमतीच्या आडून वाचकाच्या हाती काय पडावे हे कोणी ठरवायचे, याचाही होता.

1821 साली वॉल्टर स्कॉट यांची ‘केनिलवर्थ’ ही कादंबरी तीन खंडांत, 31 शिलिंग 6 पेन्स (एका शिलिंगाचे बारा पेन्स) या किमतीला निघाली आणि पुढची सत्तर वर्षे नव्या कादंबरीची तीच किंमत ठरून गेली. सामान्य माणसाला हे पैसे परवडणे शक्यच नव्हते. त्यामुळे कादंबरी विकत घेण्याची नव्हे, तर वर्गणी भरून आणण्याची वस्तू झाली. चार्ल्स एडवर्ड म्यूडी यांनी 1842 मध्ये सुरू केलेल्या वाचनालयात वर्षाला एक गिनी, म्हणजे 21 शिलिंग, भरून एका वेळी एक खंड घरी नेता येई. एकच कादंबरी एका वेळी तीन वर्गणीदारांकडे फिरत असल्याने तीन खंडांची पद्धत वाचनालयाच्या सोयीची होती, आणि म्यूडींची खरेदी मोठी असल्याने प्रकाशकही तिला धरून राहिले. लेखकांना मात्र कथानक ताणून तीन खंड भरावे लागत, आणि म्यूडींना जे पुस्तक घरात नेण्याजोगे वाटत नसे, त्याची विक्री जवळपास खुंटत असे. 1894 मध्ये मोठ्या वाचनालयांनीच एका खंडाला चार शिलिंगांहून अधिक देण्याचे नाकारले, तेव्हा ही पद्धत पाहता पाहता मोडली.

दरम्यान स्वस्त पुस्तकाला दुसरी वाट सापडली होती, ती रेल्वेची. डब्ल्यू. एच. स्मिथ या पेढीने 1848 मध्ये लंडनच्या यूस्टन स्थानकावर पुस्तकांचे दुकान थाटले. प्रवाशांसाठी पिवळ्या पुठ्ठ्यांची, भडक चित्रांची एक-दोन शिलिंगांची पुस्तके तेथे विकली जाऊ लागली. दुसरीकडे 1870 च्या शिक्षण कायद्याने लिहिता-वाचता येणारी नवी पिढी घडवली. तिच्यासाठी जे. एम. डेंट यांनी 1906 मध्ये ‘एव्हरीमन्स लायब्ररी’ ही एक शिलिंगाची ग्रंथमाला काढली आणि तिच्यात काव्य, इतिहास, तत्त्वज्ञान, प्रवासवर्णन सारे घेतले. विविध विषयांची एकत्र मांडणी तिथेच दिसू लागली होती, पण तिचा मोठा भाग लेखनहक्काची मुदत संपलेल्या अभिजात ग्रंथांचा होता. हयात लेखकांची नवी कादंबरी 1930 च्या सुमारासही साडेसात शिलिंगांनाच मिळत असे.

अॅलन लेन या प्रकाशकाला यातच फट दिसली. ते 1919 पासून ‘बॉडली हेड’ या प्रकाशनसंस्थेत काम करत होते आणि 1934 च्या सुमारास ती संस्था आर्थिक अडचणीत होती. रहस्यकथालेखिका अॅगाथा ख्रिस्ती यांच्या डेव्हनमधल्या घरून परतताना एक्सेटर स्थानकावर वाचण्याजोगे एकही स्वस्त पुस्तक मिळाले नाही आणि तिथेच कल्पना सुचली, ही त्यांची कथा सर्वत्र सांगितली जाते. ती खरी असेलही, पण मला तिच्यापेक्षा जर्मनीतला धागा अधिक महत्त्वाचा वाटतो. लाइपझिगच्या ‘टाउखनिट्झ’ या पेढीने 1841 पासून ब्रिटिश लेखकांची इंग्रजी पुस्तके कागदी वेष्टनात काढली होती, मात्र ती ब्रिटनमध्ये आणण्यास मनाई होती. 1932 मध्ये निघालेल्या ‘अल्बट्रॉस’ या मालेने सुबक उभा आकार, प्रकारानुसार वेगळा रंग आणि पक्ष्याचे नाव हे तिन्ही विशेष आधीच सिद्ध केले होते. लेन यांनी हा नमुना उचलला आणि तो हयात लेखकांसह, मायदेशात, सहा पेन्सांना विकण्याचे धाडस केले. सहा पेन्स म्हणजे तेव्हा दहा सिगारेटींच्या पाकिटाची किंमत, आणि साडेसात शिलिंगांच्या कादंबरीच्या तुलनेत फक्त पंधरावा हिस्सा. आपल्याकडच्या तेव्हाच्या विनिमय दराने हे सव्वापाच आण्यांच्या आसपास होते.

30 जुलै 1935 रोजी लेन यांच्या या ‘पेंग्विन’ मालेची पहिली दहा पुस्तके बाजारात आली. एडवर्ड यंग या तरुण सहकाऱ्याने लंडनच्या प्राणिसंग्रहालयात जाऊन पेंग्विनचे चित्र रेखाटले होते. वेष्टनावर चित्र नव्हते, आडवे तीन पट्टे होते. कादंबरीला नारिंगी, रहस्यकथेला हिरवा आणि चरित्राला गडद निळा, असा रंगांचा संकेत होता. दहांत सहा कादंबऱ्या, ख्रिस्ती आणि डोरोथी सेयर्स यांच्या दोन रहस्यकथा आणि दोन चरित्रपर पुस्तके होती. माला ब्रिटिश असली तरी तिचा क्रमांक एक हा इंग्रज कवी शेली यांचे, आंद्रे मोर्वा यांनी मूळ फ्रेंचमध्ये लिहिलेले चरित्र होते आणि क्रमांक दोन अमेरिकन अर्नेस्ट हेमिंग्वे यांची कादंबरी. ही निवड काही साहित्यिक जाहीरनाम्यातून झाली नव्हती. सारी पुस्तके पुनर्मुद्रणे होती, आणि ज्यांचे हक्क मिळाले ती घेतली गेली. दहांपैकी सहा शीर्षकांचे हक्क जोनाथन केप या प्रकाशकांनी दिले. ही योजना बुडणारच, तेव्हा बुडण्यापूर्वी चार पैसे काढून घ्यावेत, असा आपला हिशेब होता, असे त्यांनी पुढे कबूल केल्याचे सांगतात.

हिशेब अगदीच चुकीचा नव्हता. एका शीर्षकाच्या सतरा-अठरा हजार प्रती खपल्या तरच खर्च निघणार होता आणि पुस्तक-विक्रेत्यांच्या आगाऊ मागण्या त्याच्या निम्म्याही नव्हत्या. माला तगली ती वूलवर्थ या दुकान-साखळीमुळे. तिथे सहा पेन्सांहून महाग काही विकले जात नसे, आणि तिने हजारोंच्या संख्येने प्रती घेतल्या. कपबशा आणि लोकरीच्या गुंड्यांशेजारी पुस्तक ठेवले गेले, तेव्हा पुस्तकांच्या दुकानात पाऊल टाकण्यास बिचकणारा वाचक पहिल्यांदा पुस्तकापर्यंत पोहोचला. पहिल्या वर्षभरात सुमारे तीस लाख प्रती विकल्या गेल्या. तेव्हा कंपनीचे गोदाम लंडनमधल्या एका चर्चच्या तळघरात होते.

ललितेतर लेखनाला स्वतःची जागा मिळाली ती 1937 मध्ये, ‘पेलिकन’ या फिकट निळ्या मालेमुळे. तिचा आरंभ जॉर्ज बर्नार्ड शॉ यांच्या समाजवाद आणि भांडवलशाहीवरील दोन खंडांच्या ग्रंथाने झाला. मूळ ग्रंथ 1928 चा असला तरी शॉ यांनी सोव्हिएत व्यवस्था आणि फॅसिझम यांवरचा मजकूर नव्याने लिहून दिला. पुढे अर्थशास्त्र, विज्ञान, पुरातत्त्व, मानसशास्त्र अशा विषयांवर तज्ज्ञांकडून स्वतंत्र पुस्तके लिहून घेतली जाऊ लागली. विद्यापीठाचे दार ज्यांना बंद होते, त्यांना त्या त्या विषयातला जाणकार सहा पेन्सांत भेटू लागला, आणि माझ्या मते पेंग्विनचे सर्वांत मोठे काम हेच होय. या मालेचे पहिले प्रमुख संपादक व्ही. के. कृष्ण मेनन होते, हे आपल्याकडे फारसे आठवले जात नाही. लंडनमध्ये स्वातंत्र्याच्या प्रचाराचे काम करणारे मेनन लेन यांच्याशी मतभेद होऊन 1938 मध्ये बाहेर पडले. त्यांनाच मुंबईकरांनी 1957 आणि 1962 मध्ये उत्तर मुंबईतून लोकसभेवर निवडून दिले.

दुसऱ्या महायुद्धाने पेंग्विनला धक्का देण्याऐवजी बळ दिले. 1940 मध्ये कागदाचे वाटप आधीच्या वापराच्या प्रमाणात सुरू झाले, आणि युद्धापूर्वीच्या वर्षात पेंग्विनचा खप मोठा असल्याने वाटाही मोठा आला. त्याच काळात मुलांसाठी ‘पफिन’ सुरू झाली. 1946 मध्ये ई. व्ही. रिऊ यांच्या ‘ओडिसी’च्या भाषांतराने अभिजात ग्रंथांची माला आली.

स्वस्ताईचा अर्थ नेमका काय, हे 1960 च्या खटल्यात उघड झाले. डी. एच. लॉरेन्स यांची ‘लेडी चॅटर्लीज लव्हर’ काटछाट न करता साडेतीन शिलिंगांना काढण्यासाठी पेंग्विनने दोन लाख प्रती छापल्या आणि 1959 च्या नव्या अश्लीलताविरोधी कायद्याखाली तिच्यावर खटला भरला गेला. हे पुस्तक तुमच्या पत्नीने किंवा नोकराने वाचावे असे तुम्हाला वाटेल काय, असे सरकारी वकिलांनी ज्युरीला विचारले. प्रश्नाचा रोख मजकुरापेक्षा, तो कोणाच्या हाती पडणार यावर होता. 2 नोव्हेंबर 1960 रोजी ज्युरीने पेंग्विनला निर्दोष ठरवले आणि काही आठवड्यांतच वीस लाख प्रती संपल्या.

मुंबईत निकाल उलट लागला. या कादंबरीची असंक्षिप्त प्रत ठेवल्याबद्दल आणि विकल्याबद्दल कुलाब्यातल्या एका पुस्तकांच्या दुकानाच्या भागीदारांना वीस-वीस रुपये दंड झाला होता. त्यांपैकी एकाचे अपील सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. लेडी चॅटर्ली लंडनच्या रेल्वे स्थानकांवर खुलेपणाने विकली जात असताना, 1964 मध्ये न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी मजकूर वाचणाऱ्याचे मन बिघडवण्याकडे झुकतो का, हे पाहणाऱ्या 1868 च्या इंग्लिश कसोटीचा आधार घेत शिक्षा कायम ठेवली.