पट्टीवरची दुसरी रेघ

सांगली स्टँडसमोर चहा पिताना ओळखीच्या एका जोगत्याने, म्हणजे यल्लम्मा देवीला वाहिलेल्या, साडी नेसणाऱ्या माणसाने, मला पकडलं. "सर, आमच्यातल्या एकीचं एचआयव्हीच्या टेस्टला बोटातलं रक्त घेतलं. पट्टीवर दोन रेघा आल्या, म्हंजे पॉझिटिव्ह, तिनं डोळ्यानं बघितल्या. परत दोन टेस्टा केल्या आणि म्हनले, निगेटिव्ह. मग मशीनच खोटं की!"

मशीन खोटं नाही. उलट ते नीट चाललं होतं.

पट्टीवर जिथे ही दुसरी रेघ उमटते, तिथे विषाणूची प्रथिनं चिकटवलेली असतात. रक्तात एचआयव्हीविरुद्धची प्रतिपिंडं (विषाणूशी लढायला शरीराने बनवलेली प्रथिनं, अँटीबॉडीज) असली, की ती तिथे अडकतात आणि रंग दिसतो. पण दुसऱ्याच कशासाठी तयार झालेली एखादी प्रतिपिंडंही तिथे चुकून अडकतात.

आता मला आवडणारा हिशेब. भारतात प्रौढांमध्ये लागण सुमारे ०.२ टक्के, म्हणजे १०,००० माणसांत २०. समजा, चाचणी हे वीसही पकडते, पण निरोगी माणसांत हजारी पाच वेळा चुकते. उरलेल्या ९,९८० जणांत सुमारे ५० खोटे पॉझिटिव्ह आले. एकूण ७०, त्यातले खरे फक्त २०! तीच पट्टी १०,००० तृतीयपंथींमध्ये वापरा. २०२१च्या सरकारी पाहणीत त्यांच्यात लागण सुमारे ३.८ टक्के होती. म्हणजे खरे ३८०, खोटे ४८. पट्टी तीच, पण तिच्या शब्दाला वजन किती हे समोर कोण बसलंय त्यावर ठरतं.

म्हणून तीन चाचण्या, आणि तिन्ही वेगवेगळ्या बनावटीच्या. एकच पट्टी तीनदा वापरली तर तीच चूक तीनदा होईल. दुसरी चाचणीही हजारी पाचच चुकते आणि तिच्या चुका पहिलीपेक्षा वेगळ्या आहेत असं धरलं, तर त्या ५० खोट्यांतला उरतो पाव माणूस. तिसरीनंतर तोही जवळपास गायब. (लागण अगदी ताजी असेल तर प्रतिपिंडंच तयार नसतात, म्हणून तीन महिन्यांनी पुन्हा तपासायचं.)

यल्लम्माच्या कोपाने हा आजार होत नाही आणि भस्माच्या पुडीने जात नाही. एचआयव्हीला दाबून ठेवणाऱ्या गोळ्या सरकारी एआरटी (एचआयव्ही उपचार) केंद्रात फुकट मिळतात. त्या रोज घेऊन रक्तातला विषाणू मोजण्याइतकाही उरला नाही, तर संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. युरोपात सुमारे ८०० पुरुष जोडप्यांवर झालेल्या, २०१९ला प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशी एकही लागण सापडली नाही.

पाव माणसाला तो हसला. गणित पटलं होतं, अडचण निराळीच निघाली. "केसपेपरवर नाव गड्याचं, अंगावर साडी. नाव पुकारलं की अख्खी रांग मान वळवून बघती."

यावर माझ्याकडे सूत्र नव्हतं. चाचणीला तुझी संमती लागते आणि निकाल गुप्त ठेवायचा असतो, असा २०१७चा कायदा आहे, एवढं सांगितलं. पण पुकारा कुठल्या नावाने करायचा, हे त्यात कुठे आहे? सांगलीत 'संग्राम' ही संस्था १९९२पासून एचआयव्हीवर काम करते आहे, ज्यांना धोका जास्त त्यांच्यातल्याच माणसांना हाताशी धरून; तेही सांगितलं. मग चहावाल्याकडून पेन घेतलं आणि त्याच्या तळहातावर १०९७ हा एचआयव्हीच्या फुकट हेल्पलाइनचा नंबर लिहिला.