पडदे रंगवणाऱ्याचा कॅमेरा

नाटकांचे पडदे रंगवणाऱ्या बाबूराव पेंटरांना सिनेमा काढायचा होता, पण कॅमेरा कुठला आणायचा? १९१८च्या सुमारास त्यांनी कोल्हापुरातच लेथवर भाग कातून कॅमेरा बनवला. त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत व्ही. शांताराम, दामले, फत्तेलाल तयार झाले. पुढे ही शिष्यमंडळी बाहेर पडली आणि १९२९मध्ये त्याच गावात त्यांची ‘प्रभात’ फिल्म कंपनी उभी राहिली.

कलावंत असले की शहराची भरभराट होते का? ‘होते’, असं अमेरिकी अभ्यासक रिचर्ड फ्लोरिडा यांनी २००२मध्ये ठासून मांडलं. सर्जनशील माणसं मोकळ्या वातावरणाच्या शहरात जातात आणि त्यांच्यामागून कंपन्या येतात, असं त्यांचं म्हणणं. महापौर मंडळी खूश झाली. कारखान्याला सवलती देण्यापेक्षा कॅफे आणि सायकलवाटा स्वस्त पडतात! पण फ्लोरिडांच्या ‘सर्जनशील वर्गा’त चित्रकारांसोबत इंजिनिअर, डॉक्टर, वकीलही होते. अमेरिकेतले जवळपास ३० टक्के कामकरी त्यात बसत. एवढं मोठं जाळं टाकल्यावर मासा लागणारच.

हार्वर्डचे अर्थतज्ज्ञ एडवर्ड ग्लेझर यांनी फ्लोरिडांचीच आकडेवारी पुन्हा तपासली. पदवीधरांचं प्रमाण हिशेबात धरल्यावर कलावंतांचा म्हणून वेगळा परिणाम जेमतेम उरला, तोही लास व्हेगास आणि सारासोटा या दोन शहरांच्या जिवावर.

मग कोल्हापूरचं काय? मला वाटतं, तिथे कलावंतांची डोकी मोजण्याऐवजी त्यांचे शेजारी बघावेत. आल्फ्रेड मार्शल या ब्रिटिश अर्थतज्ज्ञाने १८९०मध्येच लिहून ठेवलंय की, एका धंद्यातली माणसं एका जागी राहिली की धंद्यातली गुपितं गुपितं उरत नाहीत, ती हवेतच असतात. पोरंसोरंसुद्धा नकळत शिकून जातात. पेंटरांकडे रंगाची नजर होती आणि लेथ हाताशी होता. शिवाय एक स्टुडिओ चालतो तेव्हा सुतार, शिंपी, वायरमन, खानावळवाला अशा कितीतरी घरांची चूल पेटते. ही माणसं सर्जनशील वर्गाच्या यादीत सहसा नसतात, हा भाग वेगळा.

१९३३मध्ये प्रभात पुण्याला गेली. कोल्हापुरातला सिनेमा मात्र थांबला नाही, भालजी पेंढारकरांच्या जयप्रभा स्टुडिओत तो चालूच राहिला. पुण्यात पुढे प्रभातला टाळं लागलं, तेव्हा सरकारने १९६०मध्ये त्याच आवारात फिल्म इन्स्टिट्यूट काढली. प्रभातच्या जुन्या स्टुडिओत विद्यार्थी अजूनही सेट लावतात.