दोन जर्मन विरहगीते: 'लिली मार्लेन' आणि चमत्काराची वाट पाहणारे गाणे

दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील जर्मन विरहगीतांचा विषय निघाला की दोन गाण्यांचा उल्लेख हटकून एकत्र होतो. पहिले लाले आंडरसन यांचे 'लिली मार्लेन', आणि दुसरे त्सारा लेआंडर यांनी गायिलेले, 'एक दिवस चमत्कार घडेल, हे मला ठाऊक आहे' अशा अर्थाच्या ओळीने ओळखले जाणारे गाणे. दोन्ही स्त्रीकंठातून लोकप्रिय झाली, दोन्हींत प्रिय व्यक्ती दूर आहे आणि दोन्ही लक्षावधी ताटातूट झालेल्या माणसांनी ऐकली. त्यामुळे युद्धकालीन हळवी गाणी म्हणून त्यांची एकत्र बोळवण केली जाते. हे योग्य नाही, कारण त्यांतला विरह एकाच जातीचा नाही.

'लिली मार्लेन'चे शब्द मुळात पहिल्या महायुद्धातले आहेत. हान्स लाइप यांनी रशियन आघाडीवर जाण्यापूर्वी, १९१५ मध्ये, बर्लिनमध्ये पहाऱ्यावर असताना ही कविता लिहिली. नॉर्बर्ट शुल्त्से यांनी १९३८ मध्ये तिला चाल लावली आणि १९३९ मध्ये आंडरसन यांच्या आवाजात तिची ध्वनिमुद्रिका निघाली, जिच्याकडे सुरुवातीला कोणी फारसे लक्ष दिले नाही. १९४१ मध्ये जर्मन सैन्याच्या बेलग्रेड रेडिओ केंद्राने ती लावली आणि पुढे रोज रात्री कार्यक्रम संपण्याच्या सुमारास ती वाजू लागली. उत्तर आफ्रिकेत हे प्रक्षेपण समोरच्या ब्रिटिश सैनिकांनाही ऐकू येत असे, आणि शत्रूचे गाणे म्हणून त्यांनी ते टाळले नाही.

गाते ती स्त्री असली तरी या गाण्यात बोलणारा पुरुष आहे, हे प्रथम ध्यानात घ्यावे लागते. बराकीच्या दारासमोरच्या दिव्याखाली तो आपल्या प्रेयसीला भेटत असे. आता तो तेथे नाही. चौथ्या कडव्यात तो म्हणतो की तो दिवा तिची पावले ओळखतो, पण आपल्याला मात्र तो दिवा केव्हाच विसरला आहे, आणि आपले काही बरेवाईट झाले तर त्या दिव्याखाली तिच्यासोबत कोण उभे राहील, अशी शंका त्याला सतावते. पाचव्या कडव्यात तो जमिनीच्या पोटातून वर येतो आणि रात्रीचे धुके दाटले की पुन्हा दिव्यापाशी उभा राहतो. म्हणजे येथे भेटीचे वचन आहे, पण ते जिवंत माणसाने दिलेले नाही. बिगुल, कवायतीचा ठेका आणि साथीला पुरुषांचा वृंद, असा सगळा लष्करी साज असलेल्या या गाण्याचा शेवट मृत्यूनंतरच्या फेरीवर होतो. नाझी प्रचारमंत्री गोबेल्सला ते आवडत नव्हते, याचे नवल वाटू नये.

लेआंडर यांचे गाणे 'डी ग्रोसे लीबे', अर्थात 'थोर प्रेम', या १९४२ च्या चित्रपटातले. त्यात त्या एका गायिकेच्या भूमिकेत आहेत आणि नायक हवाई दलातला अधिकारी आहे. त्याचे कर्तव्य पुनःपुन्हा त्यांच्या लग्नाच्या आड येते आणि अखेरीस तिला वाट पाहणे मान्य करावे लागते. नाझी काळातील सर्वाधिक पाहिल्या गेलेल्या चित्रपटांत त्याची गणना होते. सुमारे २ कोटी ७० लाख प्रेक्षकांचा आकडा दिला जातो. गाण्यात युद्धाचा शब्दही नाही. आपल्या दोघांचा तारा एक, नशीब एक, एवढे मोठे प्रेम असे सहज सरणार नाही, म्हणून आपण पुन्हा भेटूच, असा त्यातील विचार आहे. लेआंडर यांचा खर्जातला, संथ आवाज त्या आशेला शपथेचे वजन देतो. येथे शंकेला जागाच ठेवलेली नाही, आणि नेमके हेच राज्यकर्त्यांच्या सोयीचे होते: घरी राहिलेल्या स्त्रीने तक्रार न करता थांबावे, एवढेच तिच्याकडून हवे होते. युद्ध हरण्याच्या मार्गावर आल्यावर 'चमत्कार' या शब्दात श्रोत्यांना आणखीही काही ऐकू येऊ लागले असेल, तर ते स्वाभाविकच.

यावरून एक गाणे निष्पाप आणि दुसरे सरकारी, असा निवाडा करण्याचा मोह होतो. पण रचनाकारांकडे पाहिले की तो टिकत नाही. 'लिली मार्लेन'चे शुल्त्से १९४० मध्ये नाझी पक्षाचे सदस्य झाले आणि इंग्लंडवर बॉम्ब टाकण्याचे गाणेही त्यांचेच. उलट चमत्काराच्या गाण्याचे कवी ब्रुनो बाल्त्स समलैंगिक होते. त्यासाठी १९४१ मध्ये गेस्टापोने, म्हणजे नाझी गुप्त पोलिसांनी, त्यांना अटक केली होती आणि त्यांच्या सुटकेसाठी संगीतकार मिखाएल यारी यांनी रदबदली केली होती. हे कळल्यावर त्या ओळींतली भेटीची आस कोणासाठी होती, हा प्रश्न चित्रपटाच्या कथेत मावत नाही. राजवटीची मर्जी मात्र गाण्यांप्रमाणेच गायिकांवरही वेगवेगळी राहिली: लेआंडर १९४३ पर्यंत आघाडीच्या तारका होत्या आणि मग स्वतःच मायदेशी, स्वीडनला परतल्या, तर आंडरसन यांच्यावर, स्वित्झर्लंडमधील ज्यू मित्रांशी असलेला पत्रव्यवहार उघड झाल्यावर, १९४२ मध्ये जाहीर गायनाची बंदी आली.

दोन्ही गाणी एकसारखी वाटण्यात माझ्या मते इंग्रजी भाषांतराचाही वाटा आहे. टॉमी कॉनर यांनी १९४४ मध्ये केलेल्या इंग्रजी 'लिली मार्लेन'मध्ये जमिनीतून वर येणारा सैनिक नाही. तो आघाडीच्या मागे मुक्कामाला पडून प्रेयसीचे स्वप्न पाहतो. त्याच रूपात हे गाणे जगाच्या मोठ्या भागाला माहीत झाले, आणि त्या रूपात ते खरोखरच लेआंडर यांच्या गाण्याच्या शेजारी बसवता येते. मूळ जर्मन पाचवे कडवे ऐकल्यावर मात्र तसे करता येत नाही.